पौंडाच्या आतलं स्टेशन: एका रविवारचा हिशेब

शनिवारी रात्री साडेदहाला मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर पेन्सिल तोलत होते. केकचं पीठ मोजायला आणलेला काटा, एका ग्रॅमपर्यंत दाखवतो. बाकी सगळं मोजून झालं होतं. रेडिओ १९० ग्रॅम, मोर्सची किल्ली ३८, कानातले इअरफोन १२, नऊ व्होल्टची बॅटरी ४६. अँटेनाची वीस मीटर बारीक तार आणि तिच्या टोकाचा छोटा ट्रान्सफॉर्मर मिळून ७०, ती रेडिओला जोडायची केबल, म्हणजे तीन मीटर कोअ‍ॅक्स ३६, फांदीवर फेकायची दोरी ३५, वही-पेन्सिल ३०. बेरीज ४५७. एक पौंड म्हणजे ४५३.६ ग्रॅम. साडेतीन ग्रॅमपायी मी पौंडाच्या बाहेर! मग वहीचा पुठ्ठा फाडला, पेन्सिल मधोमध मोडली आणि पुन्हा तोललं. ४५०. समाधानाने झोपायला गेले. दाराशी उद्याची पाठपिशवी भरून ठेवली होती. तिच्यात तीन लिटर पाणी, दशम्या, लसणाची चटणी आणि रेनकोट. म्हणजे पाठीवर चार किलो आणि पेन्सिल मात्र अर्धी.

हा वेडेपणा कुठून आला ते आधी सांगायला हवं.

हौशी रेडिओत, म्हणजे हॅम रेडिओत, पाच वॉट किंवा त्याहून कमी ताकदीने मोर्स पाठवणाऱ्यांची एक वेगळीच जमात आहे. या प्रकाराला क्यूआरपी म्हणतात. घरच्या टेबलावरचा नेहमीचा रेडिओ १०० वॉटचा असतो. १०० वरून ५ वर आलं की सिग्नल १३ डेसिबलने घसरतो. ऐकणाऱ्याच्या मीटरवर एक एस-घर म्हणजे ६ डेसिबल, त्यामुळे त्याच्या लेखी तुम्ही दोन घरांनी खाली आलात, एवढंच. वॉट वीसपट कमी झाले तरी कानाला फरक त्या मानाने थोडा पडतो, आणि या सगळ्या खेळाला जागा मिळते ती त्यामुळे. अमेरिकेतला ‘फील्ड डे’ १९३३ पासून चालू आहे. घराबाहेर, मैदानात स्टेशन उभारायचा तो सराव. तिथेही पाच वॉट आणि बॅटरीवर काम करणाऱ्यांच्या गुणांना पाचाने गुणतात.

पुढे ‘अ‍ॅडव्हेंचर रेडिओ सोसायटी’ नावाच्या मंडळींनी एक खट्याळ सूत्र काढलं. त्यांची ‘स्पार्टन स्प्रिंट’ महिन्याच्या पहिल्या सोमवारी संध्याकाळी दोन तास चालायची. गुण काढायचे संपर्क भागिले स्टेशनचं वजन, तेही पौंडात. वजनाची फिकीर नसलेल्यांसाठी ‘टबी’ गट, बाकीच्यांसाठी ‘स्किनी’. भाजकात वजन आल्याबरोबर लोकांनी पेपरमिंटच्या गोळ्यांच्या डबीत रेडिओ बसवायला घेतले. तशी डबीतल्या रेडिओची हौस आधीपासूनची होतीच, पण आता तिला गुणही मिळायला लागले.

याच मंडळींची दुसरी स्पर्धा म्हणजे ‘फ्लाइट ऑफ द बम्बलबीज’. जुलैचा शेवटचा रविवार, चार तास, जागतिक वेळेनुसार १७ ते २१. आमच्याकडे, न्यू जर्सीत, दुपारी एक ते पाच. ‘भुंगा’ व्हायचं असेल तर आधी नंबर मागून घ्यायचा आणि आपल्या जागी स्वतःच्या ताकदीवर पोचायचं: पायी, सायकलने, वल्हं मारत, कसंही. घरी बसून भाग घेणारेही असतात, पण भुंगे शोधण्यातच खरी मजा. संपर्क झाला की एकमेकांना सिग्नलचा दर्जा, राज्य आणि भुंग्याचा नंबर द्यायचा. घरच्यांनी नंबराऐवजी वॉट सांगायचे. हाक मारायची ती ‘सीक्यू बीबी’. ‘सीक्यू’ म्हणजे ऐकणाऱ्या कोणीही उत्तर द्या. मोर्समध्ये ‘बी’ म्हणजे डा-डि-डि-डिट. दोनदा पाठवलं की खरोखरच खिडकीच्या काचेशी भुंगा घोटाळतोय असं वाटतं.

या स्पर्धेत वजनाचा काहीच संबंध नाही. वजन मध्ये आणलं ते काकांनी.

काका आमच्या गावातलेच, एडिसनजवळचे. व्यापारी जहाजांवर रेडिओ ऑफिसर होते. १ फेब्रुवारी १९९९ पासून जहाजांवरची जुनी मोर्सची व्यवस्था जाऊन उपग्रहवाली नवी पूर्णपणे लागू झाली आणि काकांचा सगळा पेशाच मावळला. हात मात्र अजून तसाच आहे. मला मोर्स त्यांनीच शिकवलं, टेबलावर चमचा वाजवून. (इथे परवान्याला नागरिकत्व लागत नाही, टपालाचा पत्ता पुरतो. मोर्सची परीक्षाही २००७ पासून नाही. पण २० मीटर लांबीच्या लहरींच्या पट्ट्यावर बोलायचं तर ‘जनरल’ वर्ग काढावा लागतो. आपल्यातल्या अनेकांना हे माहीत नसतं म्हणून सांगितलं.) तर काकांनी पैज लावली, “अगं, डोंगरावर जातेच आहेस तर स्पार्टन हिशेबाने जा. संपर्क भागिले पौंड. तारेसकट, दोरीसकट, सगळं तोलायचं. पंधराच्या वर गेलीस तर मिसळ माझ्याकडे. खाली राहिलीस तर तुझ्याकडे, आणि तर्री घरची हवी.”

पौंडाच्या आत राहिले तर पंधरा संपर्क पुरतील, असं गणित मी केलं. चार तासांत पंधरा म्हणजे काहीच नाही, असंही वाटलं.

वजन उतरवण्यासाठी मी दोन गोष्टी ठरवल्या होत्या. या प्रकरणाची मेख त्या दोन्हींतच आहे.

पहिली बॅटरीची. माझा रेडिओ फक्त मोर्सचा, किट आणून स्वतः जोडलेला. एरवी तो तीन लिथियम सेलच्या पॅकवर चालतो. पॅकचं वजन १४२ ग्रॅम, पूर्ण भरलेला असताना १२.६ व्होल्ट, आणि त्यावर घरी मोजलेली ताकद ४.७ वॉट. त्याऐवजी धुराच्या अलार्ममध्ये घालतात तसली नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी घेतली. ताकद २.४ वॉटवर आली, म्हणजे निम्मी, ३ डेसिबल खाली. अर्धं एस-घर. त्याच्या बदल्यात ९६ ग्रॅम वाचले. व्यवहार चांगला वाटला.

दुसरी जागेची. माऊंट टॅमनीचा माथा. डेलावेअर नदी किटाटिनी डोंगररांग चिरून जाते तिथे, न्यू जर्सीच्या बाजूला हा कडा आहे, १,५२६ फूट. समोर पेनसिल्व्हेनियातला माऊंट मिन्सी, मध्ये नदीचं वळण. लाल ठिपक्यांच्या वाटेने दीडेक मैलात बाराशे फूट चढ. रविवारी तिथे सिंहगडासारखी गर्दी असते, फक्त भजी आणि दही मिळत नाही. माथ्याला उघडे खडक आणि वाऱ्याने खुरटलेले पाइन. फायबरग्लासचा सहा मीटरचा घडीचा खांब माझ्याकडे आहे, पण तो एकटाच सातशे ग्रॅम. पौंडाच्या गणितात तो बसणार कसा? “झाडं आहेत की,” असं मी स्वतःला सांगितलं. कुठल्या उंचीची ते नाही विचारलं.

काकांनी निघताना एक अट घातली होती. लिथियमचा पॅक पिशवीत असू दे. “वजनात धरू नकोस हवं तर. पण डोंगरावर एकाच बॅटरीवर जायचं नाही. जहाजावर आम्हाला दोन असायच्या.” मी नाक मुरडलं आणि पॅक दशम्यांच्या डब्याखाली सारला.

दुपारी एकला सुरुवात केली. तार एका बुटक्या पाइनच्या शेंड्यापासून दुसऱ्या पाइनपर्यंत आडवी ताणली होती. जमिनीपासून तीन मीटर असेल, मध्ये झोळ येऊन आणखी कमी. २० मीटरच्या पट्ट्यावर १४.०६२ मेगाहर्ट्झवर जागा धरली आणि हाक मारायला लागले. सीक्यू बीबी, सीक्यू बीबी, मग कॉलसाइन, म्हणजे माझ्या स्टेशनची ओळख. ऐकू सगळं येत होतं. फ्लोरिडा, विस्कॉन्सिन, टेक्सास, एकमेकांशी धडाधड बोलत होते. मी त्यांच्या हाकांना उत्तर दिलं की ते “?” पाठवायचे आणि थांबायचे. परत पाठवलं की “एजीएन”, पुन्हा एकदा. तिसऱ्यांदा दुसराच कोणीतरी मोठ्या आवाजाचा मध्ये घुसायचा आणि माझा माणूस पळायचा. लग्नाच्या पंगतीत वाढप्याला हाका मारणाऱ्या लहान पोरासारखी अवस्था. वाढपी बघतोसुद्धा, पण पुढे जातो.

पहिला संपर्क एक वाजून बावीस मिनिटांनी झाला, जॉर्जिया. तासाभरात २० मीटरवर चार झाले. मग तारेला उरलेला दहा मीटरचा तुकडा जोडून ४० मीटरच्या पट्ट्यावर गेले. भर दुपारी ४० मीटर लांब जात नाही, वातावरणाचा खालचा थर त्या लहरी शोषतो, पण शेजारची राज्यं मिळतात. काकाही तिथेच भेटणार होते, कारण २० मीटरची लहर माझ्यापासून काकांएवढ्या अंतरावर वरून उडी मारून जाते. एक पेनसिल्व्हेनिया आणि एक काका. दोन वाजून वीस मिनिटांनी वहीत सहा ओळी.

तेवढ्यात रेडिओ बंद पडायला लागला. पूर्ण बंद नाही. ‘डा’ दाबला की पडदा विझायचा, क्षणभराने पुन्हा उजळायचा, आणि मी १४.०६२ वर नसायचेच. चालू होताना तो आपल्या मूळच्या १४.०६० वर जाऊन बसतो. म्हणजे मी कॉलसाइनचं पहिलं अर्धं एका ठिकाणी पाठवत होते आणि उरलेलं दुसऱ्याच कोणाच्या डोक्यावर. ४० वरही तेच. फोन वाजला. काका. “अगं, उखाण्यात नाव यायच्या आधी थांबावं तशी मध्येच गप्प होतेस. बॅटरी बसली तुझी.”

बसली होतीच. पाठवताना रेडिओ साधारण ३५० मिलिअँपिअर घेतो. हाका मारण्यात जवळजवळ चाळीस टक्के वेळ किल्ली दाबलेली असते. दीड तासाचा हिशेब दोनशेवर मिलिअँपिअर-तासांचा. नऊ व्होल्टच्या अल्कलाइन बॅटरीत हलक्या कामाला पाचशेपर्यंत मिळतात, पण इतका जोराचा करंट खेचला की त्यातले निम्मेच हाती लागतात. कारण तिच्या पोटात सहा चिमुकले सेल असतात आणि त्यांचा आतला रोध मोठा असतो. जसजशी ती रिकामी होते तसा रोध वाढतो, किल्ली दाबली की व्होल्टेज कोसळतं आणि आतल्या प्रोसेसरचा श्वास कोंडतो. घरी मी ताकद मोजली होती ती नव्या बॅटरीवर, दहा सेकंद. अलार्मला वर्षभर पुरते म्हणून मलाही पुरेल असं धरून चालले होते. अलार्म वर्षभर काही बोलत नाही, हे ध्यानात आलं नाही.

दोन पस्तीसला मी सगळं गुंडाळलं. वैतागाचं खरं कारण बॅटरी नव्हती. पॅक तर हाताशीच होता, लावला असता. पण ९५ मिनिटांत सहा संपर्क, त्यातले काका धरून. बॅटरी धडधाकट होती त्या पहिल्या तासातही कोणी ऐकत नव्हतं. खडकावर बसून दशमी खाताना तारेकडे नजर गेली. माझ्या डोक्यावर जेमतेम हातभर. तिच्या सावलीत एक मुलगा उभा राहून आईला विचारत होता, हे कपडे वाळत घालायला आहे का?

त्याचंही काही चुकलं नव्हतं. आडवी तार जमिनीच्या इतक्या जवळ असली की तिची बहुतेक ताकद सरळ वर जाते. ४० मीटरच्या लहरी वर जाऊन परततात, त्यामुळे शेजारची राज्यं मिळतात. पण १४ मेगाहर्ट्झची लहर सरळ वर पाठवली तर आयनांबर, म्हणजे वरच्या हवेतला विद्युतभारित थर, सहसा तिला परत पाठवत नाही, ती आरपार अवकाशात जाते. तिला क्षितिजाच्या जवळून, तिरकं पाठवलं तरच ती वाकून टेक्सासला उतरते. मी २.४ वॉटांतला मोठा हिस्सा आकाशाला अर्पण करत होते.

निळ्या ठिपक्यांची वाट माथ्यावरून रानात शिरते. दहा मिनिटं चालले. देखावा संपला, ओक सुरू झाले. वाटेपासून बाजूला एक जाडजूड ओक, आडवी फांदी नऊ मीटरवर तरी. दोरीला अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली बांधून भिरकावली. पहिल्यांदा बाटली माझ्याच पायावर. दुसऱ्यांदा खालच्या फांदीवर. चौथ्यांदा हवी तिथे. तारेचं टोक वर ओढलं, दुसरं टोक माझ्या गुडघ्याशी, तार तिरकी चढत गेलेली. लिथियमचा पॅक लावला. तीन वाजले होते.

पहिल्याच हाकेला दोघे एकदम आले. मला खरंच कळेना कोणाला आधी घ्यावं. इतका वेळ सवयच नव्हती. मिनेसोटा, मग मिशिगन, मग एक भुंगा कोलोरॅडोहून. तो कुठल्याशा शिखरावर होता बहुतेक, त्याचा सूर वाऱ्याने हलणाऱ्या तारेसारखा किंचित थरथरत होता. अर्ध्या पेन्सिलीने लिहिताना बोटं आखडतात हेही तेव्हाच कळलं. पंचावन्न मिनिटांत तेरा संपर्क झाले.

तीन चाळीसच्या सुमारास काकांना सांगावं म्हणून ४० वर डोकावले तर इअरफोनमध्ये कढईत फोडणी तडतडावी तसा आवाज. वर आकाश अजून निळं होतं. ४० मीटरवर विजा कानाआधी रेडिओला ऐकू येतात, शंभर-दोनशे किलोमीटरवरूनसुद्धा. परत २० वर आले, चार-पाच संपर्क उरकले. मग पश्चिमेला चमकलं. मोजायला लागले. बाविसाव्या सेकंदाला गडगडाट. आवाज सेकंदाला ३४० मीटर जातो, म्हणजे साडेसात किलोमीटर. तिसाच्या आत आलं की उघड्यावर थांबायचं नाही, हा साधा नियम, आणि मी तर डोंगराच्या धारेवर होते, नऊ मीटर उंच तारेचं टोक गुडघ्याशी घेऊन. त्या क्षणी एक स्टेशन मला आपलं राज्य आणि नंबर देत होतं. ते मी लिहून घेतलं. त्याला ‘मिळालं’ म्हणून पाठवलं. त्याची पोच ऐकायला थांबले नाही. कोअ‍ॅक्स काढली, तार ओढली, पाच मिनिटांत निळ्या वाटेने खाली. गाडीत बसले तेव्हा काचेवर टपोरे थेंब पडत होते. रेडिओ आवरला तेव्हा एक तास पाच मिनिटं स्पर्धा बाकी होती.

संध्याकाळी काकांच्या ओसरीवर, म्हणजे इथल्या भाषेत डेकवर, चहा घेताना मी विजयी मुद्रेने सांगितलं: उंची वाढवली आणि संपर्क दुपटीहून जास्त झाले. काका म्हणाले, “बॅटरीही बदललीस. दोन औषधं एकदम घेतलीस, आता कशाने बरं वाटलं ते कसं सांगणार? शिवाय तीननंतर लोक जेवून-बिवून परत बसले असतील. हवाही बदलली असेल.”

बरोबर होतं त्यांचं. पण मोर्सवाल्यांकडे एक साक्षीदार असतो. ‘रिव्हर्स बीकन नेटवर्क’ म्हणून जगभरच्या हौशी लोकांनी चालवलेले रिसीव्हर आहेत. ते रात्रंदिवस मोर्स ऐकतात, कोणी ‘सीक्यू’ हाक मारली की तिचं कॉलसाइन आणि सिग्नल गोंगाटाच्या किती डेसिबल वर होता ते आपोआप नोंदवतात. काकांच्या टॅबवर ती नोंद काढली. माथ्यावरून बोलताना मला दोनच रिसीव्हरांनी पकडलं होतं, तेही कसंबसं. ओकाखालून अकरा. दोघांमध्ये सामाईक असलेल्या रिसीव्हरवर फरक १० डेसिबल.

दहापैकी कशाचे किती? पुढच्या रविवारी गावच्या बागेत ते वेगळं केलं. तोच रेडिओ, तीच तार. आधी दोन खांबांमध्ये तीन मीटरवर आडवी, मग मेपलच्या फांदीवरून तिरकी, दर दहा मिनिटांनी अदलाबदल, दोन तास. नंतर तार वरच ठेवून नवी कोरी नऊ व्होल्टची बॅटरी आणि पॅक आलटून पालटून. ठरावीक चार रिसीव्हरांच्या नोंदींची सरासरी काढली. तारेचा फरक साधारण ६ डेसिबल, बॅटरीचा ३. बाग म्हणजे डोंगर नव्हे, तेव्हा आकडे तंतोतंत तिकडे लावू नयेत. डोंगरावर उरलेलं एखादं डेसिबल हवेचं असेल किंवा मोजण्यातलं. पण क्रम स्पष्ट होता.

मला चुटपूट लागली ती ग्रॅममध्ये मांडल्यावर. बॅटरीच्या ३ डेसिबलना ९६ ग्रॅम पडतात. तारेच्या ६ डेसिबलना काहीच नाही. फेकायची दोरी साडेचारशेत पहिल्यापासून होती. माथ्यावर ती पिशवीतच राहिली, कारण तिला लायक फांदी नव्हती. मी पेन्सिल मोडून दीड-दोन ग्रॅम वाचवले आणि फोटो छान येईल म्हणून चौपट सिग्नल देणारं झाड सोडून कड्यावर जाऊन बसले. काकांनी माथ्याची बाजूही घेतली. समोर जमीन इतकी तुटलेली असते की पश्चिमेला लहर खालून निघायला मदत होते, तिथे सातशे ग्रॅमचा खांब असता तर कदाचित ओकालाही मागे टाकलं असतं. असेल. ते करून पाहिलेलं नाही.

भाजकात वजन ठेवण्याच्या सूत्राविषयीही माझं मत त्या दिवसापासून बदललं आहे. खेळ म्हणून ते उत्तम. पण ते माणसाला चुकीच्या काट्याकडे बघायला लावतं, निदान मला लावलं. ४५० वर ९६ ग्रॅम म्हणजे २१ टक्के. सहा संपर्कांवर ते वसूल व्हायला जेमतेम सव्वा संपर्क जास्त हवा. इतकी सोपी त्रैराशिक शनिवारी रात्री केली असती तर पॅक कधीच वजनकाट्यावर चढला असता. वजन कमी करण्यात एक सुख असतं, ते काट्यावर लगेच दिसतं. जास्तीचा संपर्क दुसऱ्या दिवशी दुपारीच दिसणार.

आता पैज. १९ संपर्क. वजन किती धरायचं?

माझं म्हणणं: पॅक लावल्यावर नऊ व्होल्टची बॅटरी मेलेली, ती वजनातून काढा. ४५० वजा ४६ अधिक १४२, म्हणजे ५४६ ग्रॅम, १.२ पौंड. १९ भागिले तेवढे, १५.८. मिसळ काकांकडे.

काकांचं म्हणणं: सहा संपर्क कोणी केले? त्या मेलेल्या बॅटरीने. ते हवेत आणि ती नको? दोन्ही धर. ५९२ ग्रॅम, १.३ पौंड, १४.६.

मग मी विसावा संपर्क काढला, विजांच्या गडबडीतला. वीस धरले की ५९२ ग्रॅमवरही १५.३ होतात. काकांनी वही मागितली. शेवटच्या ओळीपुढे मी पोचेची खूण केलेली नव्हती, जागा कोरी होती. त्यांनी ती ओळ बोटाने दाखवली आणि काही बोलले नाहीत. जहाजावरच्या वहीत ऐकू न आलेली पोच कोणी लिहीत नसे, हे ते मला चमच्याच्या दिवसांपासून सांगत आले आहेत.

“काका, आणि बाटली? दोरीला बांधून फेकली ती? अर्धा किलो होती.”

“पाणी प्यायलीस ना नंतर?”

“प्याले.”

“मग ते जेवणात गेलं. ते सोडलं तुला.”

शनिवारी मटकी भिजत घातली. फरसाण ओक ट्री रोडवरून आणलं, तर्री घरची. काकांनी दोनदा रस्सा मागून घेतला आणि पुढच्या जुलैसाठी पेन्सिल आणून दिली, पूर्ण, टोक केलेली, मागे खोडरबर असलेली. काट्यावर ठेवून पाहिली. सहा ग्रॅम.